घर रिकामे, हप्ता चालू : भाड्याच्या घराचे मधले महिने आणि सांभाळणारी कंपनी

आपल्यातील बरीच वडीलधारी मंडळी आता स्वतःच्या जुन्या घरात राहत नाहीत. कोणी मुलाकडे अश्दोदला गेले, कोणी मुलीकडे लोदला, कोणी दियूर मुगानमध्ये, म्हणजे वृद्धांसाठी असलेल्या संरक्षित निवासात राहतात. बेर-शेवा, दिमोना, येरुहाम, किर्यात-गात येथील घर मात्र विकलेले नाही. ते भाड्याने दिलेले असते, आणि त्या भाड्यावर कोणाच्या निवासाचा महिन्याचा हप्ता, तर कोणाच्या मेतापेलेतचा, म्हणजे घरी सांभाळ करणाऱ्या बाईचा पगार चालतो. चार जिने चढून नळ दुरुस्त करणे किंवा भाडेकरूशी हिब्रूत हुज्जत घालणे आता होत नाही. म्हणून घर एखाद्या हेव्रत निहूलच्या, घर सांभाळणाऱ्या कंपनीच्या हाती दिलेले असते.

भाडेकरू आहे तोवर सर्व ठीक चालते. तो गेला की कंपनीचा फोन येतो, "शोधतो आहोत, काळजी करू नका." एक महिना जातो, दुसरा जातो. भाडे येत नाही, आणि दियूर मुगानचा हप्ता तर कोणासाठी थांबत नाही. अशा मधल्या महिन्यांना नशीब म्हणण्याची आपली सवय आहे. माझ्या मते त्यात नशिबाचा वाटा थोडा आहे. घर किती दिवस रिकामे राहील ते बहुतेक वेळा भाडेकरू जाण्याच्या तीन महिने आधीच ठरलेले असते, आणि कंपनीबरोबर केलेल्या करारात काय लिहिले आहे यावर ठरलेले असते.

आधी हिशोब पाहू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, आपापले आकडे घालून पुन्हा करावेत. समजा भाडे महिना 3,000 शेकेल आहे आणि कंपनी 8 टक्के घेते. ते झाले 240 शेकेल. त्यावर माआम, जो जानेवारी 2025 पासून 18 टक्के आहे, म्हणजे एकूण सुमारे 283. आता घर एक महिना रिकामे राहिले. तुमचे 3,000 गेले, कंपनीचे 283 वाचले, म्हणजे निव्वळ तोटा सुमारे 2,717. त्यात वाआद बाइत, म्हणजे इमारतीच्या समितीचे 100 धरा आणि आर्नोनाचे, म्हणजे ईरियाच्या (नगरपालिकेच्या) कराचे 350 धरा, कारण भाडेकरू गेल्यावर ही दोन्ही बिले मालकाच्या नावावर येतात. झाले 3,167. कंपनीचे मात्र फक्त 240 बुडाले.

हिशोब येथे थांबत नाही. पुष्कळ कंपन्या नवीन भाडेकरू आणल्याबद्दल वेगळी रक्कम घेतात, अर्ध्या महिन्याचे भाडे किंवा पूर्ण महिन्याचे. अर्धा महिना धरला तर 1,500 आणि माआम मिळून 1,770. आता तुमचा एकूण खर्च 4,937 शेकेल झाला, आणि कंपनीने 240 घालवून 1,500 मिळवले. मी असे म्हणत नाही की कंपनी मुद्दाम भाडेकरू घालवते. पण जुना भाडेकरू टिकवण्यासाठी धावपळ करण्याचे तिला फारसे कारण उरत नाही, एवढे तर दिसतेच. म्हणून ते कारण करारात लिहून द्यावे लागते. सोपा मार्ग असा : भाडेकरू वर्षाच्या आत गेला तर नवीन शोधण्याची रक्कम नाही किंवा अर्धी, आणि जुन्याने करार वाढवला तर कंपनीला छोटीशी बक्षिसी. तीनशे शेकेल दिले तरी परवडते.

याच हिशोबातून दुसरी गोष्ट निघते. करार संपताना कंपनी म्हणते, "बाजार वर गेला आहे, शंभर शेकेल वाढवू." शंभर म्हणजे वर्षाचे 1,200. त्यामुळे चांगला भाडेकरू निघून गेला आणि वरचे 4,937 खर्च झाले, तर ते भरून निघायला चार वर्षांहून जास्त लागतात. वेळेवर भाडे देणारा, शेजाऱ्यांशी नीट वागणारा, भिंतीत खिळे न ठोकणारा मनुष्य हाती असेल तर पन्नास शेकेलसाठी त्याला हलवू नये. भाडे कधीच वाढवू नये असे नाही. वाढवण्यापूर्वी रिकाम्या महिन्याचा हिशोब कंपनीकडून कागदावर मागावा, म्हणजे बोलणे आपोआप सौम्य होते.

कराराची शेवटची तारीख

ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि हिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. इस्राएलमध्ये घर शोधणाऱ्यांचा हंगाम असतो. शाळा 1 सप्टेंबरला सुरू होतात, म्हणून मुलेबाळे असलेली कुटुंबे उन्हाळ्यात हलतात. बेर-शेवात बेन-गुरियन विद्यापीठाचे वर्ष तिश्रीचे सण आटोपल्यावर सुरू होते, म्हणून विद्यार्थी जुलैपासून सणांपर्यंत घरे पाहत फिरतात. शखुना दालेत, गिमेल आणि बेत येथे ज्यांची घरे आहेत त्यांना हे सांगायला नको. सोरोका रुग्णालयात काम करणारे वर्षभर येत असतात, पण त्यांची संख्या विद्यार्थ्यांएवढी नाही. दिमोना-येरुहामला विद्यार्थ्यांचा लोंढा नसतो, तेथे शाळेचे वेळापत्रक आणि नोकरीच्या बदल्या पाहाव्या लागतात.

आता समजा करार 30 सप्टेंबरला संपतो. त्याच सुमारास रोश हशाना, योम किप्पूर, सुक्कोत. "आहारेई हा-हागीम", सणांनंतर पाहू, हे उत्तर या देशात सर्वांनी ऐकले आहे. रंगारी सणांनंतर, नळवाला सणांनंतर, घर पाहायला येणारेही सणांनंतर. तोवर विद्यार्थ्यांनी आपली घरे घेऊन टाकलेली असतात. म्हणजे ऑक्टोबर गेलाच, नोव्हेंबरही जातो, आणि मग येईल त्याला येईल त्या भाड्यात घर द्यावे लागते. तेच घर 31 जुलै किंवा 31 ऑगस्टला मोकळे झाले असते तर मागणी दारात उभी होती. पेसाहच्या आधीचे पंधरा दिवसही असेच वाया जातात, लोक त्या वेळी स्वतःचेच घर उपसत असतात.

मग भाडेकरू 1 डिसेंबरला मिळाला तर काय करावे? कंपनी म्हणेल, बारा महिन्यांचा करार करू. तसा केला तर पुढच्या वर्षी पुन्हा 30 नोव्हेंबरलाच घर रिकामे. त्यापेक्षा पुढच्याच्या पुढच्या वर्षीच्या 31 ऑगस्टपर्यंत, म्हणजे एकवीस महिन्यांचा करार करावा. एकदा तारीख उन्हाळ्यात आली की पुढे ती तेथेच राहते.

कोणी म्हणेल, एकवीस कशाला, डिसेंबर ते ऑगस्ट नऊच महिने देऊ. तसे करू नये, आणि त्याचे कारण नीट समजून घ्यावे. आर्नोना सामान्यतः घरात राहणारा भरतो. परंतु नगरपालिकांच्या कायद्याप्रमाणे घर एक वर्षाहून कमी मुदतीने भाड्याने दिले असेल, तर कराची जबाबदारी मालकावर राहते. भाडेकरूने तुम्हांला आर्नोना देण्याचे कबूल केले असेल, पण ईरिया त्याला ओळखत नाही, ती बिल तुम्हांलाच पाठवते. भाडेकरूने पैसे थकवून घर सोडले तर मागे धावायचे कोणी?

येथे आपल्या लोकांना एक जुनी सवय नडते. मुंबई-ठाण्याकडे अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार इतका रूढ आहे की "भाड्याचा करार म्हणजे अकरा महिने" हे आपल्या डोक्यात पक्के बसले आहे. तेथील कायदा वेगळा, कारणे वेगळी. येथे अकरा महिन्यांचा करार केला तर फायदा काही नाही, आणि आर्नोना मात्र स्वतःच्या गळ्यात पडतो. करार निदान पूर्ण बारा महिन्यांचा असावा, आणि त्याची प्रत देऊन ईरियात नाव बदलल्याचा कागद कंपनीने तुम्हांला दाखवावा.

नव्वद दिवस आधी

घर सुटण्याच्या दिवशी कामाला लागणारी कंपनी उशिरा कामाला लागली असे समजावे. चांगली कंपनी करार संपण्याच्या नव्वद दिवस आधी भाडेकरूला लेखी विचारते : राहणार की जाणार? तोंडी "बहुतेक राहीन" हे उत्तर धरू नये. कायद्यानेही येथे एक माप दिलेले आहे. 2017 च्या सप्टेंबरपासून लागू झालेल्या शेखिरूत होगेनेत, म्हणजे न्याय्य भाडे कायद्यात असे आहे की, करार मुदतीपूर्वी संपवण्याची मुभा करारात दिलेली असेल तर मालकाने निदान 90 दिवस आणि भाडेकरूने निदान 60 दिवस आधी कळवले पाहिजे. हे शेवटचे साठ दिवस म्हणजे आपली कमाईची संधी. नवीन माणसाला घर दाखवायचे ते याच दिवसांत, जुना राहत असतानाच. त्यासाठी भाडेकरूच्या करारात एक ओळ हवी : शेवटच्या साठ दिवसांत, आधी वेळ ठरवून, घर पाहण्यास लोकांना येऊ द्यावे. ही ओळ नसेल तर भाडेकरू दार उघडेलच असे नाही, आणि मग घर रिकामे झाल्यावरच दाखवणे सुरू होते.

रंगारी आणि नळवाला यांच्या तारखाही तेव्हाच ठरवाव्यात. जुना भाडेकरू गुरुवारी गेला, रंगारी रविवारी आला आणि बुधवारी घर तयार, असे होऊ शकते. पण कंपनी जर घर सुटल्यावर पाहणी करणार, मग तुम्हांला किंमत कळवणार, मग तुम्ही मुलाला विचारणार, मुलगा शब्बाथला सांगणार, तर तीन आठवडे नुसत्या विचारण्यात जातात. म्हणून कंपनीला आधीच एक रक्कम ठरवून द्यावी, उदाहरणार्थ हजार शेकेलपर्यंतची दुरुस्ती न विचारता करा, पावती आणि फोटो पाठवा, त्यावरील रकमेसाठी फोन करा. दूद शेमेश गळत असेल तर त्यासाठी परवानगीची वाट पाहण्यात अर्थ नाही. तसेही भाडेकरू राहत असताना निकडीची दुरुस्ती कळवल्यापासून 3 दिवसांत आणि इतर दुरुस्ती 30 दिवसांत करणे त्याच कायद्याने मालकावर टाकले आहे, आणि ज्या घरात दुरुस्त्या वेळेवर होतात तेथील भाडेकरू सहसा लवकर सोडत नाही. हिवाळ्यात छत गळणे आणि भिंतीला ओल येणे ही आपल्या जुन्या शिकूनमधली घर सोडून जाण्याची मोठी कारणे असावीत, भाडे नव्हे.

शिकूनचाच विषय निघाला म्हणून सांगतो. नव्या इमारतींत ममाद, म्हणजे घरातील सुरक्षित खोली, 1990 च्या दशकाच्या सुरुवातीस, आखाती युद्धानंतर सक्तीची झाली. आपली पन्नास-साठच्या दशकांतील घरे त्याच्या पूर्वीची आहेत, त्यांना इमारतीखालचा सामाईक मिकलात, म्हणजे आसरा असतो, किंवा तोही नसतो. गेल्या काही वर्षांत दक्षिणेत राहिलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगायला नको. लहान मुले असलेले कुटुंब फोनवरच "ममाद आहे का?" असे विचारते आणि नाही म्हटले की फोन ठेवते. याला उपाय कंपनीजवळ नाही. पण मिकलात स्वच्छ आहे, दिवे लागतात, दार उघडे असते, घरापासून किती पायऱ्यांवर आहे, एवढे जाहिरातीत लिहिता येते आणि त्याचा एक फोटो घालता येतो. आणि अशा घराचे भाडे ममाद असलेल्या शेजारच्या घराएवढे मागून महिने घालवू नयेत.

"शोधतो आहोत" म्हणजे काय?

कंपनी असे म्हणाली की तीन प्रश्न विचारावेत. या आठवड्यात किती जणांचे फोन आले? किती जणांनी प्रत्यक्ष घर पाहिले? पाहून गेलेल्यांनी काय कारण सांगितले? उत्तरे आकड्यांत मागावीत आणि वहीत तारखेसह लिहून ठेवावीत. त्यांतून रोग कळतो. फोनच येत नसतील तर भाडे जास्त आहे किंवा जाहिरात वाईट आहे. अंधाऱ्या खोलीचे, मोरीत बादली दिसणारे फोटो मी पाहिले आहेत, तेवढ्यावरून कोणीही पुढे जातो. फोन येतात पण पाहायला कोणी येत नाही, असे असेल तर कंपनीचा माणूस वेळ देत नाही किंवा फोन उचलत नाही. हे तपासणे सोपे आहे : नातवाला अनोळखी म्हणून फोन करायला सांगा. लोक पाहून जातात आणि घेत नाहीत, तेव्हा दोष घरात आहे, वास, ओल, तुटलेली खिडकी, घाणेरडा जिना. तेथे भाडे शंभराने उतरवण्यापेक्षा चारशेचा रंग जास्त उपयोगी पडतो.

दहा-बारा जणांनी घर पाहून चौदा दिवसांत कोणीही घेतले नाही, तर भाडे थोडे उतरवण्यास मन मोठे करावे. 3,000 ऐवजी 2,850 म्हणजे वर्षाचे 1,800 कमी. एक महिना आणखी थांबलात तर 3,000 हून जास्त जातात. "माझ्या घराला तीन हजार मिळालेच पाहिजेत" असे म्हणणारे एक काका मला ठाऊक आहेत. त्यांना तीन हजार मिळाले, चौथ्या महिन्यात.

हेही लक्षात असू द्या की घर सांभाळणे आणि भाडेकरू शोधून व्यवहार जुळवणे ही दोन कामे आहेत. दुसऱ्या कामाला परवाना असलेला मेतावेख, म्हणजे दलाल लागतो, आणि 1996 च्या कायद्याप्रमाणे तुमची सही असलेला लेखी आदेश लागतो. कंपनी तुमच्याकडून "बिलआदियुत", म्हणजे फक्त आम्हीच शोधणार, अशी सही घेत असेल तर ती वेगळ्या कागदावर असली पाहिजे. राहत्या घरासाठी तिची मुदत सहा महिन्यांहून जास्त असू शकत नाही, आणि मुदत लिहिली नसेल तर ती तीस दिवसांचीच धरली जाते. सहा महिने देण्याची गरज नाही. दोन महिने पुष्कळ झाले. नंतर दुसऱ्या मेतावेखला, शेजाऱ्याला, आपल्या सिनेगॉगमधल्या मंडळींनाही सांगता आले पाहिजे, आणि तसा भाडेकरू तुम्हीच आणला तर शोधण्याची रक्कम कंपनीला द्यायची नाही, हे आधी लिहून घ्यावे. तुमच्या बाजूने काम करणाऱ्या दलालाचे पैसे भाडेकरूकडून घेता येत नाहीत, हेही न्याय्य भाडे कायद्यात आहे. कंपनी "ते भाडेकरू देईल" म्हणाली तर सावध व्हावे.

कंपनीच्या करारात आणखी एक ओळ बोटाने शोधावी : टक्केवारी कशावर? हाती आलेल्या भाड्यावर असेल तर घर रिकामे असताना कंपनीला काही मिळत नाही, आणि हेच बरे. दर महिन्याला ठराविक रक्कम, भाडेकरू असो वा नसो, असे लिहिले असेल तर रिकाम्या महिन्यांतही तुम्ही पैसे देत राहता. सर्व आकडे माआम धरून सांगा, असे म्हणावे.

काही कंपन्या दुसरा मार्ग सुचवतात. त्या तुमचे घर स्वतःच भाड्याने घेतात आणि पुढे दुसऱ्याला देतात. तुम्हांला दर महिन्याला ठरलेली रक्कम, घर रिकामे असले तरी. ती बाजारभावापेक्षा कमी असते, कारण रिकाम्या महिन्यांचा धोका त्यांनी घेतलेला असतो. ज्यांचा दियूर मुगानचा हप्ता याच भाड्यावर आहे त्यांना हा मार्ग वाईट नाही. पण मग कंपनी तुमची भाडेकरू झाली, आणि भाडेकरूकडून घेतो तशी बँकेची हमी तिच्याकडूनही घ्यावी. घरात किती माणसे भरायची, खोल्या पाडून तीनच्या पाच करायच्या की नाही, हेही लिहून घ्यावे. बेर-शेवात विद्यार्थ्यांसाठी घरे कशी चिरली जातात ते आपण पाहतोच.

रिकाम्या घराचा आर्नोना

घर रिकामे झालेच तर ईरियाकडे सवलत मागता येते. 1993 च्या नियमांप्रमाणे रिकाम्या, वापरात नसलेल्या घराला सहा महिन्यांपर्यंत शंभर टक्क्यांपर्यंत सूट देण्याची मुभा ईरियाला आहे. किती द्यायची ते प्रत्येक ईरिया ठरवते. पण हे सहा महिने दर वेळी नव्याने मिळत नाहीत, एका मालकाच्या मालकीच्या सर्व काळात मिळून सहा महिने आहेत. तुकड्या-तुकड्याने वापरता येतात, मात्र सलग निदान तीस दिवस घर रिकामे असावे, अशी अट सहसा असते.

खरी अडचण "रिकामे" या शब्दात आहे. ईरियाचा माणूस पाहायला येतो, आणि घरात माणूस नाही तसे सामानही नसावे अशी अपेक्षा असते. आपल्या घरांत कोपऱ्यात आईचे लाकडी कपाट, गच्चीवर दोन पेट्या, माळ्यावर पितळेची भांडी, हे राहून जातेच. भाडेकरूने ते सोसलेले असते, ईरिया सोसत नाही. ज्यांना ही सवलत हवी त्यांनी ते सामान आधीच कोणाच्या घरी हलवावे. अर्ज घर रिकामे होताच करावा, मागाहून केला तर "आम्ही पाहिले नाही" म्हणून नाकारला जाण्याचा संभव असतो. हे काम कंपनीचे आहे असे करारात लिहून ठेवावे, नाहीतर ते कोणाचेच नसते. आणि ज्येष्ठ नागरिक म्हणून मिळणारी आर्नोनाची सवलत राहत्या घरावर असते, भाड्याने देण्यासाठी ठेवलेल्या घरावर नाही, म्हणून तिच्या भरवशावर राहू नये.

भाडेकरू गेला त्या दिवशी विजेच्या आणि पाण्याच्या मीटरचा फोटो तारखेसह घेतला पाहिजे. पाण्याचा मुख्य नळ बंद, गॅस बंद. घराचा विमा असेल तर एजंटला फोन करून विचारावे की घर सलग किती दिवस रिकामे राहिले तर चोरी किंवा पाण्याचे नुकसान भरून मिळत नाही. अशी अट बऱ्याच विम्यांत असते. कंपनीने आठवड्यातून एकदा तरी दार उघडून पाहिले पाहिजे.

कराविषयी थोडेच सांगतो. जे भाड्यावर 10 टक्क्यांच्या सोप्या मार्गाने कर भरतात त्यांना कंपनीचे पैसे, दुरुस्ती, रिकाम्या महिन्यांतील आर्नोना यांपैकी काहीही वजा करता येत नाही. कर फक्त हाती आलेल्या भाड्यावर असतो, आणि तो पुढच्या वर्षीच्या 30 जानेवारीपर्यंत भरायचा असतो. ज्यांचे भाडे माफीच्या मर्यादेत बसते (2024 साली ती महिना 5,654 शेकेल होती) त्यांना हा प्रश्न येत नाही.

शेवटी कागदपत्रे आणि भाषा. कंपनीला मुखत्यारपत्र द्यावे लागले तर ते भाड्याचा करार, मीटर आणि आर्नोना एवढ्यापुरतेच असावे. "घरासंबंधी सर्व व्यवहार" असा शब्द दिसला तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये. भाडे कंपनीच्या खात्यातून फिरून येण्यापेक्षा भाडेकरूच्या होराआत केवाने, म्हणजे बँकेतील कायम आदेशाने, थेट तुमच्या खात्यात यावे आणि कंपनीला तिचे पैसे तुम्ही द्यावेत. त्यामुळे भाडे कोणत्या महिन्यात थांबले ते पहिल्याच आठवड्यात कळते. आणि कंपनीचे निरोप हिब्रूत, व्हॉट्सअ‍ॅपवर, बारीक अक्षरांत येतात. तोच निरोप मुलाला किंवा मुलीलाही जाईल, आणि महत्त्वाच्या गोष्टीसाठी फोन येईल, हे पहिल्या दिवशीच ठरवून घ्यावे. ज्यांचा करार येत्या उन्हाळ्यात संपतो त्यांनी आजच भिंतीवरच्या कॅलेंडरवर शेवटच्या तारखेपासून नव्वद दिवस मागे मोजून खूण करावी, आणि त्या दिवशी सकाळी कंपनीला फोन लावावा.